जुन्या मेल सर्व्हरचं स्थलांतर: बुधवार रात्रीच्या आधीचे तीन आठवडे

भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात जिन्याखालच्या कपाटात मेल सर्व्हर होता. वर गणपतीचा छोटा फोटो, बाजूला मागच्या खंडेनवमीचं सुकलेलं झेंडूचं फूल आणि आत सेंटओएस ७ ही लिनक्स प्रणाली. मालक म्हणाले, "सर, एवढी वर्षं तक्रार नाही त्याची. कशाला हात लावायचा?" प्रश्न रास्त होता. पण सेंटओएस ७ चे सुरक्षा अपडेट ३० जून २०२४ ला थांबले. बाहेरच्या जगाला २५ नंबरच्या पोर्टवर, म्हणजे सर्व्हर एकमेकांना मेल देतात त्या दारावर, उघडं असलेलं यंत्र अपडेटशिवाय चालू ठेवायचं, तर रोज रात्री नशिबावर झोपायचं.

तिथून पोस्टफिक्स (मेल घेणारं-पाठवणारं) आणि डव्हकॉट (लोकांना इनबॉक्स उघडून देणारं) ही सॉफ्टवेअरची जोडी डेबियन १३ या लिनक्सवर, भाड्याच्या सर्व्हरवर हलवली. खाती ४६, डेटा साधारण ३८० जीबी. तुमचे आकडे वेगळे असतील, क्रम बहुतेक हाच राहील. तुम्ही गूगल वर्कस्पेस किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५ वर जाणार असाल तर डेटा हलवण्याचं अवजार बदलेल, बाकी यादी आणि डीएनएसचं, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या नोंदींचं, काम तेवढंच. प्रामाणिक सल्ला द्यायचा तर ज्यांच्याकडे सर्व्हरकडे महिन्यातून एकदाही बघणारं माणूस नाही, त्यांनी तिकडेच जावं. या कारखान्याला मेल आपल्या ताब्यात हवी होती, आणि बघायला माणूसही होता.

सगळ्यात आधी लॉग

नव्या सर्व्हरवर काय बसवायचं यात लोक आठवडा घालवतात. पहिला आठवडा जुन्या सर्व्हरच्या लॉगवर, म्हणजे कोणी काय केलं याच्या नोंदींवर, घालवा. खात्यांची यादी डेटाबेसमधून दोन मिनिटांत निघते, पण ती कागदावरची. खरी यादी म्हणजे कोण लॉगिन करतं, कुठून करतं आणि पासवर्ड न देता कोण मेल पाठवतं. लॉग किमान ३५ दिवसांचा घ्या, कारण काही गोष्टी महिन्यातून एकदाच जाग्या होतात. पगाराच्या स्लिपा आठवडाभराच्या लॉगमध्ये दिसणार नाहीत.

त्या ४६ खात्यांपैकी ३१ जिवंत निघाली. बाकीची नोकरी सोडून गेलेल्यांची. त्यातल्या दोघांची मेल अजून त्यांच्या खाजगी जीमेलवर फॉरवर्ड होत होती, हे कोणाला माहीतही नव्हतं. असं सापडलं की आयटीवाल्याने परस्पर निर्णय घेऊ नये. मालकांना दाखवून, लेखी होकार घेऊन बंद करावं.

खरा माल दुसऱ्या यादीत होता. पासवर्ड न देता, फक्त ऑफिसच्या नेटवर्कमध्ये आहेत म्हणून मेल पाठवणारी यंत्रं आठ होती: पर्चेस ऑर्डरची पीडीएफ पाठवणारं ईआरपी, टॅली असलेला पीसी, दोन स्कॅनर, हजेरीचं बायोमेट्रिक मशीन, सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग करणारा एनव्हीआर, यूपीएस, आणि एक आयपी पत्ता जो कोणालाच ओळखता येईना. शेवटी केबल धरून मागे मागे गेलो. टूल रूममधल्या मोजमाप करणाऱ्या सीएमएम मशीनचा पीसी निघाला, तपासणीचे रिपोर्ट ग्राहकाला थेट धाडणारा.

सर्व्हर ऑफिसातून बाहेर जाणार असेल तर ही आठ यंत्रं हाच तुमचा सर्वात मोठा प्रश्न आहे. जुना सर्व्हर "आपल्या घरातला आहेस, जा" म्हणून यांना सोडत होता. नव्या सर्व्हरला हे घर माहीत नाही. त्यात जुन्या स्कॅनरना टीएलएस (संपर्क गुप्त ठेवणारी पद्धत) १.० च्या पुढचं काही कळत नाही, आणि १.० व १.१ या आवृत्त्या २०२१ मध्येच अधिकृतपणे बाद झाल्या. नव्या सर्व्हरवर ऑफिसचा सगळा बाहेरचा आयपी विश्वासू म्हणून टाकायचा मोह होतो. तसं केलंत तर ऑफिसमधला एक व्हायरसवाला लॅपटॉप तुमच्या नावाने जगाला स्पॅम वाटेल.

यावर मला पटलेला उपाय असा: ऑफिसमध्ये जुन्याच आयपीवर एक छोटं पोस्टफिक्स ठेवा, एखाद्या जुन्या डेस्कटॉपवरसुद्धा चालतं. ते ठरलेल्या आठ पत्त्यांकडूनच २५ वर मेल घेईल आणि पुढे नव्या सर्व्हरला ५८७ नंबरच्या पोर्टवर पासवर्ड देऊन, टीएलएससकट पाठवेल. स्कॅनरच्या त्या दोन ओळींच्या स्क्रीनवर बाण दाबत दाबत सेटिंग बदलण्यापासून सुटका होते.

नवीन जागा घेताना

पैसे भरण्याआधी चार गोष्टी विचारा.

बाहेर जाणारं २५ नंबरचं पोर्ट उघडं आहे का? एडब्ल्यूएस आणि गूगल क्लाउडवर ते सुरुवातीला बंद असतं. रिव्हर्स डीएनएस, म्हणजे आयपीवरून नाव सांगणारी नोंद, तुम्ही स्वतः लावू शकता का, की तिकीट टाकून वाट बघायची? ही नोंद नसेल तर जीमेल तुमची मेल स्वीकारेल याची खात्री धरू नका. ती नोंद, सर्व्हर स्वतःची ओळख करून देतो ते नाव आणि त्या नावाचा पत्ता ही तिन्ही एकमेकांशी जुळली पाहिजेत. मिळालेला आयपी आधीच्या भाडेकरूच्या कर्माने स्पॅम पाठवणाऱ्यांच्या काळ्या यादीत आहे का, हेही पाहा. असेल तर दुसरा मागा. काळी यादी साफ करून घेण्यात आपला वेळ जातो, पाप दुसऱ्याचं असतं.

चौथी गोष्ट आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीचा आयपी पत्ता. नव्या सर्व्हरला तो पत्ता बहुधा फुकट मिळतो, आणि पोस्टफिक्स उत्साहाने त्यावरून मेल पाठवू लागतं. त्या पत्त्याला रिव्हर्स डीएनएस नाही, एसपीएफमध्ये, म्हणजे आपल्या नावाने कोणते पत्ते मेल पाठवू शकतात त्या डीएनएस नोंदीत, त्याचं नाव नाही, त्यामुळे जीमेलकडून मेल परत. अर्ध्या मेल जातात आणि अर्ध्या परत येतात असा विचित्र प्रकार दिसतो. सगळं नीट लागेपर्यंत पोस्टफिक्सला फक्त आयपीव्ही४ वापरायला सांगा.

आता अशी काळी यादी ठेवणाऱ्या स्पॅमहाउसचा एक खड्डा. जुन्या सर्व्हरवर काळ्या यादीची तपासणी चालू असते, ती सेटिंग आपण तशीच उचलून आणतो. नव्या सर्व्हरवर मात्र डीएनएसचा रिझॉल्व्हर (उत्तरं शोधून देणारा सर्व्हर) म्हणून गूगलचा ८.८.८.८ लावलेला असतो. स्पॅमहाउसची फुकट सेवा अशा सार्वजनिक रिझॉल्व्हरमार्फत आलेल्या प्रश्नांना खरं उत्तर देत नाही, १२७.२५५.२५५.२५४ असा एररचा कोड देते. पोस्टफिक्सला मात्र "उत्तर आलं, म्हणजे यादीत आहे" एवढंच कळतं, आणि येणारी प्रत्येक मेल नाकारली जाते. नव्या सर्व्हरवर अनबाउंड हा स्वतःचा रिझॉल्व्हर बसवा. पाच मिनिटांचं काम आहे.

सॉफ्टवेअरबद्दल एकच सांगतो. डेबियन १३ मध्ये डव्हकॉट २.४ येतं आणि त्याला २.३ किंवा त्याआधीची कॉन्फिग फाइल चालत नाही. सेंटओएस ७ वरचं २.२ तर अजूनच मागचं. कॉपी-पेस्ट करू नका. नवी फाइल कोरी लिहायला घ्या आणि जुनी शेजारी उघडी ठेवून एकेक ओळ "ही का होती?" असं विचारत पुढे जा. पासवर्डचे हॅश, म्हणजे साठवलेली गुप्त रूपं, जसेच्या तसे नेता येतात, लोकांना नवे पासवर्ड वाटत बसायला नको. फक्त कमकुवत ठरलेले जुने हॅशचे प्रकार २.४ मुद्दाम परवानगी दिल्याशिवाय घेत नाही. कोणाचा हॅश कोणत्या प्रकारचा आहे हे आधीच पाहून ठेवा, नाहीतर शुक्रवारी सकाळी दहा जण "पासवर्ड चुकीचा सांगतोय" म्हणत दारात उभे.

डेटा: इथे थोडं थांबू

आधी गणित. ऑफिसच्या लाइनचा अपलोड ५० एमबीपीएस असेल तर सेकंदाला सव्वासहा एमबी, तासाला साडेबावीस जीबी. म्हणजे ३८० जीबीला कागदावर १७ तास. प्रत्यक्षात मेलडिर या साठवणीच्या पद्धतीत प्रत्येक मेल ही वेगळी फाइल असते, लाखो बारक्या फाइली, आणि तो वेग कधीच मिळत नाही. आम्हाला पहिली फेरी अडीच दिवस पुरली, कारण दिवसा वेग मुद्दाम आवळून ठेवला होता. तेवढ्यासाठी ऑफिसचं इंटरनेट गुदमरवायचं नाही.

दोन्हीकडे मेलडिर असेल तर आर-सिंक हे फक्त बदललेल्या फाइली कॉपी करणारं अवजार वापरा. आयमॅपसिंक (मेल सर्व्हरवरच ठेवून वाचायच्या आयमॅप पद्धतीने मेल हलवणारं) उत्तम अवजार आहे, पण ते परक्या घरी जाताना, म्हणजे दोन्हीकडची रचना वेगळी असताना. आर-सिंकने डव्हकॉटच्या यूआयडीलिस्ट फाइली सोबत जातात, हा मोठा फायदा. त्या फाइलीत कोणत्या मेलचा नंबर काय हे लिहिलेलं असतं, आणि आउटलुक किंवा मोबाइल त्या नंबरांवरून ठरवतात की ही मेल आपल्याकडे आधीच आहे. नंबर बदलले की सगळ्यांचं सगळं पुन्हा उतरायला लागतं. इंडेक्स आणि कॅशच्या फाइली नाही नेल्या तरी डव्हकॉट त्या नव्याने बांधतं. यूआयडीलिस्ट, कीवर्ड्स आणि सबस्क्रिप्शन्स मात्र गेल्याच पाहिजेत.

मेलडिरची एक खोड माहीत हवी. मेल वाचली, उत्तर दिलं, तारांकित केली, या खुणा फाइलच्या नावातच लिहिल्या जातात. सोमवारी कॉपी केली तेव्हा मेल न वाचलेली होती. मंगळवारी वाचली, नाव बदललं. आता पुन्हा आर-सिंक चालवलं तर त्याला ही नवी फाइल वाटते, आणि नव्या सर्व्हरवर एकाच मेलच्या दोन प्रती पडतात, एक वाचलेली, एक न वाचलेली. म्हणून दर फेरीला डिलीटचा पर्याय लावायचा, म्हणजे जुन्याकडे नसलेलं नव्याकडूनही जाईल.

आणि नवा सर्व्हर चालू झाल्यावर तोच पर्याय लावून आर-सिंक चालवलं तर नव्याने आलेली प्रत्येक मेल पुसली जाईल, कारण ती जुन्याकडे नाही. मी स्क्रिप्टमध्येच अट टाकतो: नव्या सर्व्हरवर अमुक नावाची रिकामी फाइल असेल तर लगेच थांब. ही फाइल नवा सर्व्हर चालू करण्याच्या क्षणी हाताने बनवायची. रात्री तीन वाजता बाण दाबून मागची आज्ञा शोधणाऱ्या स्वतःवर माझा भरवसा नाही.

मराठी नावांचे फोल्डरही उघडून पाहा. "खरेदी" किंवा "जीएसटी नोटीस" अशी नावं डिस्कवर देवनागरीत नसतात. आयमॅपच्या जुन्या एन्कोडिंगमुळे तिथे अँड चिन्हाने सुरू होणारी इंग्रजी अक्षर-अंकांची खिचडी दिसते. ती बिघडलेली नावं आहेत असं समजून कोणी "दुरुस्त" करू नये. फोल्डर गायब होतो, आणि गायब झालेला नेमका मालकांचा असतो.

पीओपी, म्हणजे मेल आपल्या पीसीवर उतरवून घ्यायची पद्धत, वापरणाऱ्यांचं वेगळं प्रकरण. अकाउंट्समध्ये हमखास एखादं आउटलुक पीओपीवर, "सर्व्हरवर प्रत ठेवा" अशी खूण केलेलं असतं. पीओपीमध्ये प्रत्येक मेलला एक ओळखक्रमांक असतो आणि तो कसा बनवायचा हे डव्हकॉटच्या एका सेटिंगवर ठरतं. आधीच्या एका कामात मी ते सेटिंग "जरा नीटनेटकं" केलं होतं. दुसऱ्या दिवशी अकाउंट्सच्या मॅडमच्या इनबॉक्समध्ये १४ हजार जुन्या मेल नव्याने, ठळक अक्षरांत. त्या काही बोलल्या नाहीत. चहा मात्र विचारला नाही. सेटिंग जुन्यासारखंच ठेवा, फक्त २.४ मध्ये ते लिहायची पद्धत बदलली आहे हे लक्षात असू द्या.

आयमॅपमधून न येणाऱ्या गोष्टी, म्हणजे राउंडक्यूब या वेबमेलमधले पत्ते, सह्या, सुट्टीचे ऑटो-रिप्लाय, मेल आपोआप फोल्डरांत लावणारे सिव्हचे नियम, यांची वेगळी चिठ्ठी करा. वेबमेल वापरणाऱ्याला त्याचे ३०० पत्ते हीच सगळी मेल वाटते.

डीएनएस

एमएक्स (मेल कोणत्या सर्व्हरला द्यायची ते सांगणारी नोंद) आणि मेल सर्व्हरच्या नावाची नोंद, दोन्हींचा टीटीएल, म्हणजे इतरांनी ते उत्तर किती वेळ धरून ठेवायचं तो काळ, ३०० सेकंदांवर आणा. जुना टीटीएल ८६४०० असेल तर हा बदल जगभर पोचायला एक दिवस लागतो, म्हणून दोन दिवस आधी करा. त्याआधी डोमेनच्या पॅनेलचा पासवर्ड नक्की कोणाकडे आहे ते शोधा. आमच्या इथे तो दहा वर्षांपूर्वी वेबसाइट बनवणाऱ्या मुलाकडे होता. तो आता जर्मनीत.

एसपीएफमध्ये जुना आणि नवा असे दोन्ही आयपी महिनाभर राहू द्या. त्या नोंदीत दहापेक्षा जास्त डीएनएस चौकश्या झाल्या की ती सगळीच अवैध ठरते, तेव्हा जुनी न वापरातली नावं काढून टाका. डीकेआयएमसाठी, म्हणजे मेलवरच्या डिजिटल सहीसाठी, नवा सिलेक्टर (किल्लीचं नाव) घ्या, जुन्यावर लिहू नका. वाटेत असलेल्या मेलच्या सह्या जुन्या किल्लीनेच तपासल्या जाणार. २०४८ बिटची किल्ली एका २५५ अक्षरांच्या तुकड्यात मावत नाही, दोन तुकडे करावे लागतात. काही पॅनेल हे आपोआप करतात, काही गुपचूप शेपूट कापतात. डीमार्क (या तपासण्या जुळल्या नाहीत तर मेलचं काय करायचं ते सांगणारी नोंद) नसेल तर "नन", म्हणजे काहीच करू नका, या धोरणावर चालू करा. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल दिवसाला ५००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांना हे तिन्ही सक्तीचं करतं. तुम्ही एवढ्या पाठवत नसलात तरी नव्या आयपीला पत मिळवायची आहे.

सर्व्हरचं नाव बदलू नका. लोकांच्या आउटलुकमध्ये जे आहे तेच नव्या सर्व्हरला द्या आणि त्याच नावाचं लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र घ्या. ते ९० दिवसांचं असतं. नूतनीकरणानंतर पोस्टफिक्स आणि डव्हकॉट दोन्ही रीलोड होतील अशी सोय आजच करा.

कोणती रात्र

भोसरी-पिंपरी पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारची, म्हणून बुधवारची रात्र. पण गुरुवारीच महावितरणची देखभालीची कामं निघतात आणि दिवसभर वीज जाऊ शकते. म्हणजे जुन्या सर्व्हरवरून जे काढायचं ते गुरुवारी सकाळी आठच्या आत काढून झालं पाहिजे. "गुरुवारी निवांत बघू" हा विचार इथे चालत नाही. तारीख ठरवताना ७, ११ आणि २० च्या आसपासचे दिवस टाळा. टीडीएस, जीएसटीआर-१ आणि ३बी यांच्या मुदतीला अकाउंट्सची मेल हलवायची नसते.

क्रम असा ठेवला. दुपारी एकदा आर-सिंक, म्हणजे रात्री फरक कमी राहील. नऊला जुन्याचं बाहेरून येणारं २५ नंबरचं पोर्ट फायरवॉलवर बंद. येणाऱ्या मेल हरवत नाहीत. पाठवणारे सर्व्हर त्या स्वतःकडे रांगेत ठेवून पुन्हा प्रयत्न करतात, पोस्टफिक्स तर मुळात पाच दिवस करतं. फुकट जातात ते ओटीपी, म्हणून हे दिवसा करायचं नाही. मग आयमॅप, पीओपी आणि पाठवण्याची पोर्टं बंद. जुन्या रांगेत अडकलेल्या मेल बाहेर जाऊ द्या. रांग रिकामी दिसल्याशिवाय पुढे जायचं नाही.

त्यानंतर शेवटचं आर-सिंक. फरक दोन जीबीचाही नव्हता, पण लाखो फाइलींची नावं ताडून पाहण्यातच पन्नास मिनिटं गेली. फाइलींची मालकी नव्या सर्व्हरवरच्या मेल-युजरकडे आहे ना ते पाहा. त्या युजरचा जुन्याकडचा आणि नव्याकडचा अंक वेगळा निघाला तर डव्हकॉटला एकही इनबॉक्स उघडता येत नाही. मग ती थांबवणारी रिकामी फाइल बनवा.

नवा सर्व्हर चालू करताना पोस्टफिक्समध्ये सॉफ्ट बाउन्स चालू ठेवा. तुमच्या चुकीने मेल नाकारली गेली तरी पाठवणाऱ्याला "कायमचं नाही" ऐवजी "थोड्या वेळाने ये" असं उत्तर जातं. एखादा एलिअस (खात्याचा पर्यायी पत्ता) राहिला असेल तर जोडा, मेल पुन्हा आपल्याकडे येते. आधी स्वतःच्या लॅपटॉपच्या होस्ट्स फाइलमध्ये (डीएनएसच्या आधी बघितली जाते ती यादी) नवा पत्ता टाकून तीन खाती उघडून पाहिली, त्यात एक मराठी फोल्डरवालं. मगच डीएनएस बदललं. जीमेलवर एक मेल पाठवून "शो ओरिजिनल" मध्ये एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क तिन्ही पास दिसले. बाहेरून आत, आतून बाहेर, आणि ऑफिसमधल्या त्या छोट्या पोस्टफिक्सच्या रिले-डब्यातून स्कॅनरची एक मेल.

माघारीची वेळ आधी लिहून ठेवा. आम्ही पहाटे साडेचार ठरवली होती. तोपर्यंत जमलं नाही तर डीएनएस जुन्यावर, जुनं पोर्ट उघडं, झोपायला घरी. नव्यावर खऱ्या मेल पडू लागल्या की मागे फिरणं महाग होतं, कारण मग त्या मेल उलट्या न्याव्या लागतात.

डीएनएस बदलल्यावरही काही सर्व्हर जुन्या पत्त्यावर दार ठोठावत राहतात. ते दार उघडू नका. थोड्या वेळाने ते आपणच नव्या पत्त्यावर येतात.

नंतर

गुरुवारी साडेनऊला वीज गेली. जुना डबा आधीच बंद होता, रिले यूपीएसवर. शुक्रवारी सकाळी आठलाच जाऊन बसलो. पहिल्या दिवशी फोनवर सांगण्यापेक्षा खुर्चीशेजारी उभं राहून काम लवकर होतं. तक्रारी तीन आल्या. एका मॅनेजरच्या मोबाइलमध्ये सर्व्हर म्हणून नावाऐवजी जुना आयपी टाकलेला होता. विंडोज ७ वरच्या एका आउटलुकला टीएलएस १.२ कळत नव्हतं, तो पीसीच बदलला. आणि एका ग्राहकाची मेल येईना, लॉगमध्ये पाहिलं तर ते ज्या एलिअसवर पाठवत होते तो माझ्याकडून सुटला होता. सॉफ्ट बाउन्समुळे मेल त्यांच्याकडे रांगेतच होती, तासाभरात आली.

चार-पाच दिवस रोज लॉग वाचा, नाकारलेल्या मेलचा शब्द शोधून. मग सॉफ्ट बाउन्स काढा. ते विसरलं तर चुकीच्या पत्त्यावर मेल टाकणाऱ्याला पाच दिवस कळतच नाही की मेल पोचलेली नाही. टीटीएल परत एक तासावर. नव्या आयपीवरून पहिल्याच आठवड्यात सगळ्या डीलरना दिवाळीच्या शुभेच्छा पाठवू नका, मार्केटिंगला हे आधीच सांगून ठेवा. महिन्याने एसपीएफमधून जुना आयपी आणि डीएनएसमधून जुना डीकेआयएम काढा. डीमार्कचे अहवाल स्वच्छ दिसले की धोरण "क्वारंटाइन" वर (न जुळलेली मेल स्पॅममध्ये) न्या.

सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस देशातच ठेवायचे आहेत, तेव्हा जुन्या सर्व्हरचे लॉग वेगळे काढून ठेवा. जुनी डिस्क लगेच पुसू नका. आम्ही ती काढली, कागदी टेप लावून त्यावर मार्करने दोन तारखा लिहिल्या, बंद केल्याची आणि पुसायची, आणि मालकांच्या तिजोरीत ठेवली. कपाटात आता फक्त रिलेचा डबा आहे. गणपतीचा फोटो त्यांनी त्याच्यावर हलवला.